एका पानाची कुंडी

लताबाई चौधरींच्या गच्चीवर काय नव्हतं? गुलाब, शेवंती, ड्रमात लावलेलं लिंबू, थर्माकोलच्या खोक्यात मेथी. पण पाहुणा आला की हे सगळं ओलांडून त्या त्याला कोपऱ्यातल्या एका कुंडीपाशी न्यायच्या. कुंडी वाटीएवढी, आणि मातीत खोचलेलं एकच पान. जाड, गुळगुळीत, पत्त्यातल्या बदामासारखं. ना फांदी, ना कोंब. पाहुणा वाकून बघायचा आणि काय बोलावं ते न सुचून खाली चहाला यायचा.

मला बागेतलं काही कळत नाही. माझ्या दारची तुळससुद्धा लताबाईंच्या पाण्यावर जगली. पण भिंतीला भिंत लागून घर, त्यामुळे त्या पानाची गोष्ट मी पहिल्यापासून पाहिली आहे.

भूमिका ही त्यांची एकुलती एक लेक. कॉलेजात असताना तिच्या खिडकीत एक वेल आला, आणि वेल देणाऱ्या मुलाचं नाव घरात कळायला पुढं दोन वर्षं गेली. मुलगा सोनगीरचा, प्रशील. बौद्ध घरातला, सरळ, धुळ्याला बँकेत लागलेला. तिच्या वडलांना, हेमराजभाऊंना, त्यातलं फक्त एकच दिसलं, तो कोणत्या घरातला आहे ते. मुलीनं कोर्टात जाऊन लग्न केलं. घर सोडताना ती वेल घेऊन गेली. तो काढताना एक पान तुटून पडलं, ते तिनं जाता जाता खिडकीतल्या एका वाटीएवढ्या कुंडीत खोचलं.

त्यानंतर लताबाईंच्या घशाखाली घास उतरेना. कोणी भूमिकाचं नाव काढलं की ताट तसंच सरकवायच्या. शेवटी असोद्याहून भावकीतले वडीलधारे उखर्डूनाना आणि भाऊबंद आले. सगळे केळीवाले शेतकरी. नाना म्हणाले, पोरगी आपली आहे, किती दिवस धरून बसणार? चार माणसं एका बाजूला झाली आणि हेमराजभाऊ एकटे पडले. तेव्हा त्यांची नजर खिडकीतल्या त्या कुंडीवर गेली.

"या पानाले दुसरं पान फुटू दे," ते म्हणाले. "त्या दिवशी मी सोता जाऊन पोरीले घरी आनीन. तोवर ना तू तिकडे जाशीन, ना फोन करशीन. पाय टाकला त शब्द मोडला."

सगळ्यांना हायसं वाटलं. केळीचा कंद मातीत टाकला की पिल, म्हणजे नवा कोंब, फुटतंच, हे त्या लोकांना जन्मापासून ठाऊक. पान हिरवं आहे म्हणजे महिन्या-दोन महिन्यांत फुटणारच. भाऊंनी खाली उतरायला शिडी शोधली, असं म्हणून नानांनी चहा घेतला आणि मंडळी घरी गेली.

हेमराजभाऊंचं कृषी केंद्र. बी-बियाणं, खतं, औषधं विकण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. पण हे तेव्हा कोणाच्या डोक्यात आलं नाही.

पान फुटलं नाही आणि मेलंही नाही. मेलं असतं तर बाई एकदा पोटभर रडून सुटली असती. लताबाईंनी त्याला गुळाचं पाणी दिलं, शेणखत चाळून दिलं, उन्हाळ्यात स्वतःची ओली ओढणी बांधून सावली केली. नजर लागू नये म्हणून काळा दोराही बांधला. तिकडे भूमिकाला मुलगी झाली, ही बातमी त्यांना बहिणीकडून कळली. त्या दिवशी दुपारभर त्या कुंडीपाशी बसून होत्या.

मग त्या 'हिरवी गच्ची' नावाच्या ग्रुपात शिरल्या. ग्रुपाच्या कर्त्याधर्त्या कामिनीताई. माणसांची नावं विसरतील, झाडाचं इंग्रजी नाव विसरायच्या नाहीत. दर महिन्याला कोणाच्या तरी गच्चीवर जमायचं, फांद्यांची देवाणघेवाण करायची आणि कोणाला तरी गिऱ्हाईक करायचं. लताबाई आल्यापासून दुसरं गिऱ्हाईक शोधावं लागलं नाही. "काय लताबाई, डोहाळे लागले का पानाला?" कामिनीताई विचारायच्या आणि सगळ्या तोंडाला पदर लावायच्या. लताबाईंना ती माया वाटायची. त्या खरंच उत्तर द्यायच्या, की अजून नाही, पण या पौर्णिमेला देठापाशी जरा फुगल्यासारखं दिसतंय.

गेल्या जानेवारीत धुळ्याला रोपांची मोठी विक्री भरली. नाशिक, पुणे, सुरतेकडचे नर्सरीवाले येणार, आणि झाडांचा दवाखानाही असणार, फुकट तपासणी. ग्रुपानं गाडी ठरवली. हेमराजभाऊंनी नाक मुरडलं. धुळ्याला काय ठेवलंय, जे हवं ते कामिनीताईंकडून मागवून घे, म्हणाले. स्वतः मात्र दर महिन्याला दुकानाच्या मालासाठी धुळ्याला जायचे, ते कधी चुकलं नाही. लताबाईंनी त्या दिवशी पहिल्यांदा त्यांचं ऐकलं नाही. गाडीत एक जागा रिकामी होती आणि डब्यात असोद्याच्या वांग्यांचं भरीत-पुरी होती, म्हणून मीही बसले.

एरंडोल गेलं, पारोळा गेलं. बायका गाणी म्हणत होत्या. लताबाईंच्या मांडीवर पिशवी आणि पिशवीत ती कुंडी. खड्डा आला की दोन्ही हातांनी तिला कवेत घ्यायच्या. मागच्या सीटवर कामिनीताईंनी कोणाला तरी कोपर मारलं. आज दवाखान्यात मजा आहे, असं हळूच म्हणाल्या. मला ते तेव्हा कळलं नाही.

झाडं लावणाऱ्यांचं मन मऊ असतं म्हणतात. असं म्हणणाऱ्यांनी त्या मांडवात यावं. एका गुलाबी अबोलीसाठी दोन शिकलेल्या बायांनी एकमेकींची मनगटं धरलेली मी पाहिली. कामिनीताईंनी तर एका म्हातारीच्या हातातलं रोप, कीड आहे हो त्याला, असं सांगून खाली ठेवायला लावलं आणि ती वळताच स्वतःच्या पिशवीत घातलं. आमच्या गाडीतल्या बाया कौतुकानं हसल्या.

दवाखान्याच्या टेबलापाशी रांग होती. लताबाईंचा नंबर आला तेव्हा कामिनीताईंनी सगळ्यांना हाका मारून गोळा केलं. एकीनं मोबाईल वर धरला. टेबलामागचा माणूस कुठल्याशा कॉलेजात शिकवणारा होता. त्यानं कुंडी हातात घेतली, पान अलगद उपसलं. खाली पांढऱ्या मुळांचा झुबका. मुळं बघून लताबाईंचा चेहरा उजळला.

"किती वर्षं झाली?" त्यानं विचारलं.

लताबाईंनी सांगितलं. तो हसला नाही, एवढं त्याच्या बाजूनं म्हणायला हवं. त्यानं समजावून सांगितलं, की कोंब फुटायला फांदीचा तुकडा लागतो आणि त्यावर डोळा, म्हणजे कोंबाची गाठ, लागते. नुसतं पान खोचलं तर मुळं धरतं, हिरवं राहतं, वर्षानुवर्षं जगतं, पण वाढत नाही. याला कधीच दुसरं पान येणार नाही.

मागून हसू फुटलं. कामिनीताई डोळे पुसत म्हणाल्या, "अहो, आम्हाला ठाऊकच होतं. हेमराजभाऊंनीच यांना दुकानात सांगितलं होतं, पहिल्याच वर्षी. काय हसले होते दोघं!"

यांना म्हणजे त्यांच्या नवऱ्याला. लताबाईंनी एकदा कामिनीताईंकडे बघितलं, एकदा पानाकडे. मग त्यांनी पान परत मातीत खोचलं, बोटांनी माती दाबली, पिशवीत ठेवलं आणि माझा हात धरून मांडवाबाहेर आल्या. रिक्षावाल्याला त्यांनी देवपूरमधला पत्ता सांगितला, गल्ली आणि मजल्यासकट. बहिणीकडून मिळालेला तो इतकी वर्षं त्यांना पाठ होता. रिक्षात त्या एकच वाक्य बोलल्या.

"मी आज सकायी आली असती तरी चाललं असतं. कधी बी आली असती तरी."

दार भूमिकानंच उघडलं. मला वाटलं होतं गळ्यात पडतील. भूमिका बाजूला झाली, बसा म्हणाली, पाण्याचे दोन पेले आणून ठेवले. परक्या माणसाला द्यावं तसं दिलं. गॅलरीच्या जाळीवर तो वेल चढला होता, बदामाच्या पानांनी गच्च भरून. एक लहान मुलगी आईच्या पाठीआडून आमच्याकडे बघत होती.

"आता कशी आठवण झाली?" भूमिकानं विचारलं. "बाबा दर महिन्याला येतात. दर वेळी मी विचारते, आई येईल का. ते म्हणतात, तुझं नाव काढलं की ती ताट सरकवते."

मी आयुष्यात पुष्कळ लबाड माणसं पाहिली, पण खऱ्याचा असा वापर करणारा दुसरा पाहिला नाही. ताट सरकवायच्या, हे खरंच होतं. भाऊंना नातीचा लळा लागला होता, आणि भावकीत शब्द खाली पडू द्यायचा नव्हता, आणि बायकोपुढे नमतंही घ्यायचं नव्हतं. मग त्यांनी सोय केली. स्वतः चोरून लेकीचं आणि नातीचं सुख घेतलं आणि नकाराचं पाप बायकोच्या माथी मारलं. भूमिकानं सुरुवातीला केलेले फोनही त्यांनीच उचलले होते.

लताबाईंनी पिशवीतून कुंडी काढून टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. रडल्या नाहीत. भूमिका ऐकत राहिली, आणि ऐकून झाल्यावर जे बोलली ते बापाच्या लबाडीपेक्षा जास्त लागलं असणार.

"दोन-अडीच तासांचा रस्ता होता, आई. आणि तू याला पाणी घालत बसलीस."

छोटी पुढे आली आणि पानाला बोट लावून बघू लागली. एवढ्यात कामिनीताईंचा फोन आला, गाडी निघतेय, या नाहीतर सोडून जाऊ. निघताना मायलेकी दारात हळू आवाजात काही बोलल्या. मी जिना उतरत होते, मला ऐकू आलं नाही.

परतीच्या वाटेवर बायकांनी रोपं एकमेकींना दाखवली, भरीत संपवलं. लताबाईंना कोणी काही विचारलं नाही. मजा करून झाली होती.

पुढच्या रविवारी लताबाईंनी असोद्याच्या त्याच मंडळींना जेवायला बोलावलं. मलाही बोलावलं. निरोपात एवढंच होतं की पान फुटलं. हेमराजभाऊंना त्यांनी आधी सांगितलं नव्हतं. पाट मांडले, उखर्डूनाना हात धुऊन बसले आणि म्हणाले, "हेमराज, निंघ मंग धुळ्याले. शब्द चार मान्सांत देला व्हता तू."

भाऊ हसले. "काहीतरी सांगते ते, नाना. फुटनारच नाही ते."

"का बरं नाही फुटनार?"

भाऊंनी तोंड उघडलं आणि मिटलं. सगळ्या पंगतीचे हात थांबले. त्यांनी पाण्याचा तांब्या उचलला, उगाच इकडून तिकडे ठेवला. नाना त्यांच्याकडे बघत राहिले. म्हातारा केळीवाला होता, मूर्ख नव्हता.

तेवढ्यात फाटक वाजलं. आधी प्रशील आत आला, त्यानं सगळ्यांना नमस्कार केला आणि दारातच उभा राहिला. मागून भूमिका आणि तिच्या कडेवर छोटी. भाऊंना बघताच छोटी खाली उतरली. आबा, आबा करत धावली, पाटावर बसलेल्या भाऊंच्या मांडीवर चढली आणि सरळ त्यांच्या सदऱ्याच्या खिशात हात घातला. खिशात गोळी होती. रोजच असते की काय कोणास ठाऊक. तिनं ती सोलून तोंडात टाकली.

ज्या माणसानं लेकीचं तोंड बघायचं नाही म्हणून भावकीला वर्षानुवर्षं ताठ मान दाखवली, त्याच्या मांडीवर नात गोळी चोखत बसली होती. नानांनी ताट पुढे सरकवलं, उठले आणि न जेवता चूळ भरली. बाकीचेही उठले. भरल्या पंगतीतून न जेवता उठणं म्हणजे काय, हे आमच्याकडे ज्याला कळत नाही त्याला सांगून उपयोग नाही. हेमराजभाऊ नातीच्या डोक्यावर हात ठेवून खाली बघत बसले.

लताबाई आतून आल्या तेव्हा त्यांच्या एका हातात कपड्यांची पिशवी होती आणि दुसऱ्या हातात ती कुंडी. पान तसंच होतं, एकटं, हिरवंगार, पुसून चकचकीत केलेलं. त्यांनी नातीला उचलून भूमिकाकडे दिलं आणि रिकाम्या झालेल्या मांडीवर कुंडी ठेवली. भूमिका अजून आईकडे नीट बघत नव्हती, पण पिशवी तिनं हातातून घेतली.

"याले दुसरं पान फुटलं की मले न्यायले या," लताबाई म्हणाल्या. "तोवर ना तिकडे यायचं, ना फोन करायचा. नाना, तुमी ऐकलं ना?"

नानांनी मान डोलावली.

आता उन्हाळा लागलाय. भाऊ संध्याकाळी दुकानातून आले की गच्चीवर जातात. गुलाब वाळले, मेथीचं खोकं रिकामं पडलंय, तिकडे ते बघतही नाहीत. कोपऱ्यातल्या त्या कुंडीला मात्र रोज पाणी घालतात. माझ्या गच्चीवरून दिसतं. परवा त्यांनी वाकून, चष्मा वर करून, देठापाशी किती तरी वेळ बघितलं.