कूलर बंद ठेवणाऱ्या बाई

बाई गेल्याचा निरोप आला तेव्हा मी नागपूरजवळ हिंगण्याला एका कारखान्याच्या फाटकासमोर पत्रकं वाटत होते. शिफ्ट सुटत होती, मोटारसायकलींची रांग लागली होती, आणि मातीकामाच्या शिबिराच्या जुन्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच ओळ आली... 'सुलोचनाबाई गेल्या.' उरलेली पत्रकं मी वाटून संपवली. अर्धवट टाकलेलं काम बाईंना खपत नसे. अशाच एका कारखान्यात त्यांनी उभी हयात चिनी मातीच्या कपांना कान जोडले. निवृत्त झाल्यावर मनीषनगरातल्या समाजभवनात दर मे महिन्यात त्या आम्हा पोरापोरींना तेच काम शिकवायच्या. शोकसभेत एक वक्ते म्हणाले, 'बाई छंदवर्ग चालवत.' छंद! हजारो घरांनी ज्यांच्या हातचे कान धरून चहा प्यायला, त्यांना कारागीर म्हणायला यांची जीभ का अडखळते?

मी पंधरा वर्षांची असताना त्या शिबिरात गेले. नागपूरचा मे, डोक्यावर पत्रे, खोलीत चांगला मोठा कूलर. आणि बाई तो लावू द्यायच्या नाहीत. घाम हनुवटीवरून चाकावर टपकायचा. माझ्या आयुष्यातलं पहिलं पत्रक मी तिथेच लिहिलं: 'माणसं आधी, मडकी नंतर!' खाली सगळ्यांच्या सह्या. बाईंनी ते चष्मा लावून वाचलं, घडी करून पदराच्या गाठीत ठेवलं आणि म्हणाल्या, "अक्षर चांगलं हाये वं तुयं." मला तो अपमान वाटला. दुसऱ्या दिवशी बाई बँकेच्या कामाला लवकर गेल्या. आम्ही कूलर लावला, नाचलो, विजयाच्या घोषणा दिल्या आणि बटण चालूच ठेवून घरी गेलो. टाकीतलं पाणी संपलं. मग तो दुपारभर नुसती कोरडी, गरम लू फेकत राहिला. कप हळूहळू सुकावेत म्हणून त्यांच्यावर टाकलेली ओली गोणपाटं उडून भिंतीला लागली.

सकाळी फळीवरच्या एकाही कपाला कान उरला नव्हता; वाऱ्याने बारीक कान कपाआधीच सुकले आणि गळून पडले होते. कडा तडकलेल्या, बुडं उललेली. भट्टी दोन दिवसांवर आलेली. पोरी रडायला लागल्या, पोरं माझ्याकडे बघायला लागली. मी सगळ्यांच्या आधी ओरडले, "तुम्ही कारण सांगितलं असतं तर आम्ही लावलाच नसता!"

"अन् तू इचारलं होतं काय?" बाई म्हणाल्या. "कागद देल्ला. इचारलं नाई."

बाईंनी कोपऱ्यातली पाण्याची बादली ओढली आणि आपल्याच हाताने पहिला कप आत सोडला. बुडबुडे आले, कप बसकला, त्याचा चिखल झाला. "रडून काहून राह्यले बावा सगळे? कच्चेच हायेत न अजून? भट्टीतून निंघाले असते तं फेकाच लागले असते. टाका पान्यात." मग कडेला निळे टाके घातलेलं एक भिजलेलं गोणपाट माझ्यापुढे धरलं. "धर वं ते टोक. पिळ." एकटीला ते पिळता येत नसे, रोज दुपारी त्या कुणाच्या तरी हातात दुसरं टोक द्यायच्या. त्या दिवसापासून शिबीर संपेपर्यंत माझ्याच हातात दिलं. भट्टी पुढे ढकलून कप पुन्हा झाले. माझा जरा वाकडा झाला, पण कान टिकला.

बाई गेल्या आणि महिन्याभरात समाजभवनाच्या पाटीवर सूचना लागली... यंदा शिबीर होणार नाही, खोलीत मंडपाचं सामान ठेवणार. माझं डोकं फिरलं. पत्रक तयार झालं: 'भट्टी विझवणाऱ्यांना जाब विचारा!' छापायला निघाले होते. दुकानाच्या दारात बाईंचं 'कागद देल्ला, इचारलं नाई' आठवलं, आणि मी चरफडत परत फिरले. थेट समाजभवनाच्या सचिवकाकांच्या घरी गेले. दार उघडताच विचारलं, "का बंद केलं?"

"शिकवाले कोण हाये, सांग?" काका माझ्याहून जास्त वैतागलेले होते. "तुम्ही पोरं मोठे झाले, कोणी फिरकलं नाई. तू येतं काय? येत असशील तं उद्याच खोली खाली करून देतो."

मोर्चे मी काढलेत, पोलिसांशी भांडले आहे. पण त्या प्रश्नाला 'हो' म्हटलं आणि मन बदलायच्या आत खोलीची किल्ली मागून घेतली.

आता शिबिराचा दुसरा आठवडा चालू आहे. चौदा मुलं आहेत. मला बाईंइतकं येत नाही. दोन कपांचे कान काल माझ्याच चुकीने गळाले आणि मुलांनी ते हसत बादलीत टाकले. भट्टी शनिवारी आहे. भीती वाटते, खोटं कशाला सांगू. आज दुपारी घामाने थबथबलेली एक पोरगी, तन्वी तिचं नाव, कमरेवर हात ठेवून समोर उभी राहिली. "दीदी, कूलर काहून नाई लावत वं तू?"

हिने विचारलं. माझ्यापेक्षा ही पुढे आहे. मी दुसऱ्या बादलीतून गोणपाट काढलं, तेच, कडेला बाईंच्या हातचे निळे टाके असलेलं, आणि म्हटलं, "धर हे टोक. पिळता पिळता सांगते."