लळा लावू नये

माझी आत्या चोवीस वर्षं एका बालगृहात कामाला होती. तिथल्या बायका तिला पाठीमागे ‘तोफ’ म्हणायच्या, आणि तिला ते माहीत होतं. तिला स्वतःचं मूल नव्हतं. म्हणून ही पोरांत रमली, असं कुणी म्हटलं की ती फाडकन म्हणायची, रमायला मी सहलीला आले नाही, नोकरीला आले.

लहानग्यांच्या खोलीत सोळा लोखंडी खाटा होत्या, प्रत्येकीच्या पायथ्याशी नंबर. बायकांची दर सोमवारी बदली व्हायची. एक आठवडा लहानग्यांकडे, पुढचा मोठ्यांकडे, मग आजाऱ्यांची खोली, मग धुणं. कारण भिंतीवरच्या पाटीवरच लिहिलेलं होतं, ‘मुलांना लळा लावू नये.’ मूल दत्तक जाताना रडारड नको, एवढाच त्यामागचा विचार. परिणाम असा, की मूल पडलं तरी कुणाकडे बघायचं नाही. आपलं आपणच डोलत बसायचं.

एका वर्षी एक संशोधक बाई दर महिन्याला यायला लागल्या. त्यांच्या पिशवीत कप, आरसा, कापडी बाहुली, झाकणाचा डबा असे. मूल किती शब्द बोलतं, बोट दाखवतं का, घाबरलं तर कुणाचं तोंड शोधतं, हे त्या रकान्यांत भरायच्या. बाई वाईट नव्हत्या. हे आत्याही कबूल करायची, पण दातओठ खात.

तिसऱ्या खेपेला त्यांनी बालगृहाच्या अधीक्षिकेला, म्हणजे मोठ्या बाईंना, सांगितलं की इथली मुलं बोलण्यात फार मागे आहेत. मोठ्या बाई म्हणाल्या, असली मुलं अशीच असतात, रक्तातच असतं ते. आत्या तिथेच फरशी पुसत होती. ती फडकं हातात घेऊनच उभी राहिली.

“रक्तात काही नाही, बाई. वेळापत्रकात आहे.”

मोठ्या बाईंनी तिला आपल्या कामाकडे बघायला सांगितलं. संशोधक बाईंनी वहीत डोकं घातलं.

पुढच्या सोमवारपासून आत्याने सरळ लबाडी सुरू केली. धुण्याच्या खोलीत कटकट कमी, त्यामुळे तिथली पाळी बाकीच्यांना हवीच असायची. तिने आपल्या पाळ्या वाटून टाकल्या आणि प्रत्येकीच्या बदल्यात लहानग्यांची खोली घेतली. तक्त्यावर नावं फिरत राहिली, खोलीत मात्र हीच. सोळा जणांना पुरी पडणार नाही हे तिला कळत होतं. म्हणून खिडकीजवळच्या चार खाटा तिने आपल्या धरल्या. त्यात अकरा नंबर होती, तेरा महिन्यांची एक पोर. हाक मारली तरी वळायची नाही. तिला सगळे नंबरानेच ओळखायचे. आत्या म्हणायची, नंबर बसगाडीला असतो, माणसाला नाही, आणि पोरीला ‘चिमणे’ म्हणायची.

दुपटी बदलताना तिचं तोंड चालू असायचं. ही बादली, हे पाणी, हा तुझा पाय, आणि हा दुसरा कुणाचा गं? गळणाऱ्या नळालाही ती दम द्यायची, “गप!” दोन महिन्यांनी चिमणी पडली तेव्हा डोलत बसली नाही. रांगत आत्याकडे आली आणि तिच्या पोटरीला चिकटली.

सहाव्या महिन्यात मोठ्या बाई पाहणीला आल्या, खाटांवरच्या चादरींवरून एकीला झापायला लागल्या. चिमणी खाटेचा कठडा धरून उभी राहिली आणि स्पष्ट म्हणाली, “गप!”

खोलीत हसू दाबताना एकीला ठसका लागला. मोठ्या बाईंना मात्र एवढंच कळलं की हा शब्द कुणाकडून आला.

त्याच आठवड्यात संशोधक बाईंनाही चार मुलांचे आकडे भराभर वर गेलेले दिसले. त्यांनी विचारलं, आणि आत्याने अभिमानाने सगळं सांगितलं. बाई म्हणाल्या, नियम मोडल्यामुळे नमुना बिघडला, ही चार मुलं अभ्यासातून वगळावी लागतील, आणि कारण मोठ्या बाईंना कळवावं लागेल. बिघडला हा शब्द आत्या पुढे आयुष्यभर थुंकल्यासारखा उच्चारायची.

तिला कायमचं धुण्यावर टाकलं. लहानग्यांच्या खोलीत पाऊल टाकायला बंदी. धुण्याची खोली त्याच भिंतीला लागून होती, त्यामुळे चिमणीचं रडणं तिला ऐकू यायचं. चार दिवस ऐकलं. पाचव्या दिवशी ते थांबलं. रडण्यापेक्षा त्या थांबण्याने आत्याचं डोकं फिरलं.

संशोधक बाई पुढची फेरी करून गेल्या, त्याच्या दुसऱ्या दिवशी आत्या सुट्टी टाकून त्यांच्या संस्थेत गेली. शिपायाने अडवलं तर त्याला बाजूला सारून खोलीत शिरली आणि म्हणाली, “काल अकरा नंबरपुढे काय लिहिलंत?”

बाईंनी कागद काढला; वगळलेल्या मुलांच्याही नोंदी त्या ठेवत होत्या. आकड्यांच्या खाली शेरा होता, ‘शांत’.

“शांत नाही ती. तिने आशा सोडली. तुमच्या कागदात त्याला रकाना आहे का?”

बाईंनी खुर्ची पुढे केली, आत्या बसली नाही. मग बाईंनी कोरा कागद घेतला आणि सांगा म्हणाल्या. आत्याने उभ्यानेच सांगितलं, कुठल्या आठवड्यात कुठलं मूल काय बोललं, कोण कुणाकडे धावलं, आणि आता त्यातलं काय उरलं. वगळलेल्या चार मुलांवर बाईंनी वेगळं टिपण लिहिलं आणि बालगृहाच्या देखरेख समितीकडे पाठवलं. मोठ्या बाईंचा रोष पत्करून पाठवलं, हे आत्यानं त्यांच्या नावावर जमा केलं. तेवढंच.

आदेश निघाला तो अकरा महिन्यांनी. पाटी उतरली, चार मुलांमागे एकच बाई कायम ठेवायचं ठरलं. तोवर चिमणी दत्तक गेली होती. चांगलं घर होतं, असं लिपिकाने सांगितलं. जाताना ती रडली नाही म्हणून मोठ्या बाई खूश होत्या.

मी एकदा आत्याला म्हटलं, उशिरा का होईना, नियम बदलला ना. ती माझ्यावरच उखडली. म्हणाली, “अकरा महिन्यांत पोर माणूस ओळखायला शिकतं, आणि विसरायलाही. यांना एक कागद काढायला तेवढे लागले.”

मोठ्या बाई असेपर्यंत ती धुण्यावरच राहिली. नव्या अधीक्षिकेने तिला नव्या बायकांना शिकवायला बोलावलं, तेव्हा निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. ती शिकवायला गेली. पहिल्याच दिवशी कामाला आलेल्या एका मुलीला तिने सगळ्यांसमोर झापलं, कारण ती बाळाला दूध पाजताना भिंतीकडे बघत होती.