आबांचा डावा खांदा

अमळनेरच्या स्टँडसमोर एका फोटोवाल्याचं दुकान आहे. जुने, फाटके फोटो तो कॉम्प्युटरवर नीट करून देतो आणि काम चालू असताना पडद्यावरच्या माणसाशी बोलत बसतो. "नाना, हलू नका बरं, कानाजवळचा डाग काढतो." नाना जाऊन कित्येक वर्षं झालेली असतात. मग गिऱ्हाइकाला ठरलेला प्रश्न, "कोट टाकू का?" त्याच्याकडे एक तयार निळा कोट आहे. आमच्या गल्लीतले निम्मे दिवंगत तोच घालून भिंतीवर बसलेत.

माझ्या वडिलांचा, आबांचा, एकच फोटो होता आणि त्यातला डावा खांदा वाळवीने खाल्लेला. कोटाखाली सहज झाकला गेला असता. मी म्हणालो, "आबांनी जन्मात कोट घातला नाही. खांद्यावर टॉवेल असायचा."

"सॉफ्टवेअर खांदा देईल हो, पण तो कोणाचाही असेल," तो म्हणाला. "घरचाच घेऊ."

दुसऱ्या दिवशी त्याने मला आबांचा टॉवेल घेऊन बोलावलं, स्टुलावर बसवलं आणि माझ्याच खांद्याचा फोटो काढला. काढताना सवयीने म्हणाला, "आबा, हलू नका बरं."

मी हललो नाही.

तेव्हापासून त्याच्या दुकानावरून जाताना नमस्कार केल्याशिवाय माझा पाय पुढे पडत नाही. आईला मी काहीच सांगितलेलं नाही. ती रोज पदराने आबांच्या फोटोची काच पुसते. परवा फोटोतल्या त्याच खांद्यावर हात ठेवून, सगळं जसंच्या तसं असल्याच्या समाधानाने, आमच्या अहिराणीत म्हणाली, "दख, बठ्ठं तसंच शे. हाऊ खांदा त्यासनाच."