मास्तरांनी बेतलेला ब्रेड

मास्तर शाळेत कधीच मास्तर नव्हते. शाळेशी त्यांचा संबंध गणवेशाच्या मापापुरता. चौकाच्या कोपऱ्यावर त्यांचं शिवणकामाचं दुकान, दुकानामागे दोन खोल्यांचा संसार, आणि कपडे शिवणाऱ्याला लोक मास्तरच म्हणतात म्हणून ते मास्तर. त्याच न्यायाने त्यांच्या बायकोला सगळे मास्तरीणबाई म्हणायचे. त्यांनी उभ्या जन्मात नवरा सोडून कोणाला काही शिकवलं नव्हतं, आणि तो विद्यार्थीही कच्चाच निघाला, असं त्या चारचौघांत सांगायच्या.

मास्तरीणबाई अंगाने भरभक्कम. हसायला लागल्या की आधी खांदे हलायचे, मग पोट, आणि आवाज सगळ्यांत शेवटी बाहेर पडायचा. बारीक व्हायचं हे त्यांचं जुनं स्वप्न. त्यापायी त्यांनी साखर सोडली, पुन्हा धरली, भिंतीला हात टेकून व्यायाम केले, त्यात एकदा भिंतीवरचं घड्याळ पाडलं. शेवटी सगळी भिस्त ठेवली ती सुपरमार्केटातल्या कमी कॅलरीच्या ब्रेडवर. आठवड्याच्या बाजाराला दोघं ट्रॉली ढकलत ब्रेडच्या मांडणीशी येऊन थांबत. मास्तर चष्मा कपाळावर चढवून पुड्यामागची बारीक अक्षरं वाचत. एकदा त्यांनी हलका ब्रेड आणि साधा ब्रेड शेजारी शेजारी धरले आणि तिथल्या तिथे निकाल दिला.

"अगं, माल तोच आहे! नुसता पन्हा कमी केलाय. चार बोटांची स्लाइस तीन बोटांची केली, की झाल्या कॅलरी कमी."

"तुम्ही गप्प बसा हो. तुमच्या कोटात गिऱ्हाईक बारीक दिसतं, तेव्हा मी म्हणते का, की माणूस तोच आहे म्हणून?"

मास्तरांनी हलका पुडा ट्रॉलीत टाकला. घरी आल्यावर मास्तरीणबाई दोनाच्या जागी चार स्लाइस घेत, वर सढळ हाताने लोणी. "हलका आहे ना, मग थोडा जास्त चालतो." हा कार्यक्रम वर्षानुवर्षं सुरळीत चालला, आणि वजनाने त्यात कधी लक्ष घातलं नाही.

मग एका वर्षी थंडी ओसरता ओसरता ब्रेड लागू पडला.

निदान मास्तरीणबाईंचं मत तसं होतं. त्यांचा निळा ड्रेस कमरेत सैल झाला. "बघा! म्हणत होता ना, पन्हा कमी, पन्हा कमी? आता माझा पन्हा कमी झाला!" मास्तरांनी हसून बाजूच्या शिवणी आत घेतल्या. तो ड्रेस घालून मास्तरीणबाई शेजारच्या पार्लरवालीला दाखवून आल्या. पार्लरवालीनेही दुसऱ्या दिवशी तोच ब्रेड आणला आणि आठवडाभरात कंपनीच्या नावाने बोटं मोडायला लागली. "तुझ्यात चिकाटी नाही," मास्तरीणबाईंनी तिला ऐकवलं. "माझी तर भूकसुद्धा शहाण्यासारखी वागायला लागलीय. अर्ध्या स्लाइसमध्ये पुरे म्हणते."

काही दिवसांनी ड्रेस पुन्हा सैल झाला. दुसऱ्यांदा टेप लावताना मास्तरांचा हात खांद्यावर थबकला. खाणं कमी करून उतरलेली माणसं त्यांनी पुष्कळ पाहिली होती. ती पोटात उतरतात, कमरेत उतरतात. खांदा जागचा हलत नाही. इथे खांदाच खाली आला होता आणि मानेमागे खळगा पडला होता. असं अंगही त्यांनी पाहिलं होतं. तसली गिऱ्हाइकं कोट आत घ्यायला हसत हसत यायची. पुढच्या खेपेला त्यांचा मुलगा तोच कोट घेऊन यायचा, माझ्या मापाचा करून द्या म्हणायचा.

"काय हो, बोला ना. किती उतरले?"

"झालीस की बारीक," मास्तर म्हणाले. स्वतःचाच आवाज त्यांना परका वाटला.

त्या रात्री जेवताना त्यांनी विषय काढून पाहिला. "एकदा डॉक्टरांना दाखवून येऊ या का?"

"कशाला? साठी आली तेव्हा कुठे मी बारीक झालेय, आणि हे निघाले डॉक्टरकडे! दृष्ट लावू नका."

त्यांच्या चेहऱ्यावर असा काही आनंद होता की मास्तरांनी पुढचं वाक्य घासाबरोबर गिळलं. मग रोज सकाळी ते ठरवायचे, आज बोलायचं. आणि रोज त्या आरशासमोर उभ्या राहून एकदा पुढून, एकदा बाजूने स्वतःकडे बघायच्या. मग मास्तर दुकानात जाऊन मशीन चालू करायचे.

बोलता येईना, तेव्हा त्यांनी हातांना येईल ते केलं. मास्तरीणबाई आताशा दमतात म्हणून बाजाराला ते एकटेच जात. मांडणीपुढे उभं राहून त्यांनी एकेक पुडा उलटा केला आणि आयुष्यात पहिल्यांदा सगळ्यांत मोठा आकडा शोधला. दूध, लोणी, अंडी घातलेला, हाताला विटेसारखा लागणारा ब्रेड.

काउंटरवरची बाई म्हणाली, "काका, हा चुकून घेतलात का? काकूंचा हलका तिकडे आहे."

"तोही घेतलाय. हा पाहुण्यांसाठी."

अडचण निघाली ती निराळीच. जड ब्रेडची स्लाइस हलक्या ब्रेडच्या पिशवीत मावेना. मावली तरी मास्तरीणबाईंच्या नजरेतून सुटली नसती. पण बेतकामात मास्तर हार जाणाऱ्यातले नव्हते. दुपारी मास्तरीणबाई आडव्या झाल्या की ते कापायच्या टेबलावर स्वच्छ कागद अंथरायचे, हलक्या ब्रेडची एक स्लाइस नमुना म्हणून जड स्लाइसवर ठेवायचे, आणि नव्या सुरीने चारी बाजूंनी कडा उतरवायचे. मग सगळं हलक्या ब्रेडच्या पिशवीत, वर तोच चिमटा. उरलेल्या कडा टाकल्या तर केराच्या डब्यात सापडणार. हलका ब्रेडही कुठेतरी जायला हवा. दोन्ही मास्तर स्वतःच खायचे.

"ब्रेड अलीकडे चवदार झालाय हो," मास्तरीणबाई म्हणाल्या. "कंपनी सुधारली."

कंपनी सुधारली, मास्तरही सुधारले. पोटावर पॅन्टचं बटण लागेना. शिवणीत माया, म्हणजे जादा कापड, ठेवलेली होती म्हणून भागलं. चोरून उसवून त्यांनी ती सोडली. पण बायकोपासून पोट किती दिवस लपणार?

"मी इकडे काडी होतेय आणि तुम्ही फुगताय! बाहेर कोण चारतंय तुम्हाला? खरं सांगा."

"मला कोण चारणार या वयात?"

"म्हणून तर विचारतेय. तिला बघायचंय मला एकदा."

आणि एका दुपारी त्यांनी पाहिलंच. मास्तरीणबाईंना झोप लागली नाही. दुकानाचं दार त्यांनी हळूच ढकललं, तर मास्तर टेबलावर वाकून स्लाइसच्या कडा उतरवत होते आणि एक कड तोंडात होती. शेजारी दोन्ही पुडे उघडे. मास्तरीणबाईंना सगळा प्रकार एका नजरेत कळला आणि त्या हसायला लागल्या. हसता हसता धाप लागली, म्हणून गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसल्या.

"अहो, ब्रेडलासुद्धा माप? बाही नाही का लावलीत?"

मास्तर हसले नाहीत. त्यांनी तोंडातली कड कशीबशी गिळली.

मास्तरीणबाईंनी जड पुडा हातात घेऊन तोललासा केला. हसू हळूहळू विरत गेलं.

"म्हणजे एवढे दिवस मी हा खातेय?"

"हो."

"लोणीबिणी सगळं घातलेला?"

"हो."

"आणि तरी मी उतरतेच आहे."

मास्तरांनी सुरी खाली ठेवली. बाहेर चौकात कोणीतरी सायकलची घंटी वाजवत होतं.

"कधीपासून माहीत आहे तुम्हाला?"

"दुसऱ्यांदा ड्रेस आत घेतला तेव्हापासून."

"मग बोलला का नाहीत?"

"तू खूश होतीस," मास्तर म्हणाले. "इतकी खूश तुला मी लग्नातसुद्धा पाहिली नव्हती."

मास्तरीणबाईंनी टेबलावरची एक कड उचलली, चावली, आणि म्हणाल्या, "उद्या जाऊ. निळाच ड्रेस घालते. आत्ता कुठे अंगाला बसलाय." तो खांद्यावरून पुन्हा ओघळायला लागला होता, हे दोघांनाही दिसत होतं.

डॉक्टरीण वयाने त्यांच्या लेकीएवढी. तिने पोट बराच वेळ दाबून पाहिलं, डोळ्यांच्या खालच्या पापण्या ओढून पाहिल्या आणि हात धुऊन समोर येऊन बसली.

"वजन कधीपासून उतरतंय?"

मास्तरांनी तोंड उघडलं. मास्तरीणबाईंचा हात त्यांच्या गुडघ्यावर येऊन बसला.

"आत्ता आत्ताच. गेल्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं."

"आठवड्यात एवढं उतरत नाही, काकू. घरात कोणाच्याच लक्षात आलं नाही?"

"घरात हेच एकटे. आणि ह्यांना काय कळणार हो? बायकोकडे कधी नीट बघितलंय का यांनी?"

डॉक्टरीण जराशी हसली आणि लिहायला लागली. मास्तरांनी गुडघ्यावरचा तो हात आपल्या हातात घेतला. बोटातली अंगठी सैल होऊन फिरत होती, सांध्यावरून निसटायला आली होती. त्यांनी मूठ मिटली, आणि डॉक्टरीण पुढच्या तपासण्या एकेक करून सांगत होती तेवढा वेळ ती तशीच मिटून धरली.