सावकाशराव आणि त्यांचा साडू

काचेच्या कारखान्यात त्यांना सगळे सावकाशराव म्हणत, आणि ते नाव त्यांनी स्वतःच कमावलं होतं. घडवलेल्या फुलदाण्या निववायच्या भट्टीत गेल्या की पहारा त्यांचा. भट्टी किती गरम आहे, असं नवखे विचारत. सावकाशराव विचारत, तासाभरात भट्टीच्या तापमानाचा काटा किती उतरला? शेवटी निवायचं सगळ्यांनाच आहे. पण काटा भराभर उतरला तर बाहेरची काच पुढे पळते, आतली मागे राहते, आणि त्या ओढाताणीत फुलदाणी आज ना उद्या तडकतेच. म्हणून झरोका केसभर उघडायचा, काटा बघायचा, मग पुन्हा केसभर.

धाकट्या साडूला त्यांनीच इथे चिकटवलं होतं. फुंकणी हातात बसायला यांची उमेदीची वर्षं गेली; त्या पठ्ठ्याने ती वर्षभरात बसवली. अजून हात यांचाच सरस होता. पण त्याचा वेग पाहता हे अंतर किती टिकणार, ते काट्याकडे बघणाऱ्या माणसाला कोणी सांगायला नको होतं. घरी बायको धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचं कौतुक करी आणि यांच्या घशाखाली घास उतरत नसे. त्यातच मालकांनी सगळ्या कारागिरांवर नवा मास्तर नेमायचं काढलं. साडूच्या फुलदाण्या कशा उतरतात ते बघून ठरवू, म्हणाले.

त्या फुलदाण्या भट्टीत होत्या आणि दुपारी सावकाशराव तिथे एकटेच. इतके दिवस त्याला पाण्यात पाहत होते, ते सगळं हातात उतरलं. त्यांनी झरोका सताड उघडला. काटा धावत खाली आला आणि त्यांना बरं वाटलं, खोटं कशाला बोला.

सकाळी फुलदाण्या निघाल्या त्या धडधाकट. सावकाशराव मनातल्या मनात चडफडले. मालकांनी त्या फळीवर मांडायला लावल्या, साडूची पाठ थोपटली आणि मास्तर तूच, असं सांगून टाकलं.

साडूने मान हलवली. "मला नको, मालक. घडवायला मी पटकन शिकलो. निववायला धीर लागतो, तो दादांकडे आहे. त्यांनी राखल्या म्हणून या उभ्या आहेत. मास्तर त्यांना करा."

मालक हो म्हणाले. सगळे सावकाशरावांभोवती जमले. कोणीतरी त्यांचा हात हातात घेतला.

तेवढ्यात फळीवर टण्‌कन आवाज झाला. काय तडकलं ते बघायला सगळे वळले. सावकाशराव वळले नाहीत. ते पुढच्या आवाजाची वाट बघत होते.