ताईचा पासवर्ड

माझी बहीण मूर्ख नाही. आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून तुम्ही तेच म्हणाल, आणि तिला मूर्ख म्हणायचा हक्क फक्त माझा आहे.

ताई शाळेत शिकवते. आमचे बाबा सूतगिरणीत काम करून बहिरे झाले, तेव्हापासून यंत्रांच्या आवाजानं माणसाचे कान कसे जातात हेच तिच्या डोक्यात. मुलं हाताशी आल्यावर तिनं त्यावरच पीएचडीसाठी नाव नोंदवलं. शाळा सुटली की थेट कॉलेजचं ग्रंथालय. तिथल्या डेटाबेसमध्ये आपला पासवर्ड टाकला की जगभरचे शोधनिबंध वाचता येतात. सुरुवातीला तिनं नुसतं 'कान आणि आवाज' शोधलं, तर गाण्याबजावण्यावरचेच लेख ढीगभर आले. मग हळूहळू शब्दाला शब्द जोडायला, नको ते गाळायला शिकली. नेमकं काही सापडलं की मला फोन करून वाचून दाखवायची. मला ओ की ठो कळायचं नाही, तरी ऐकायचे.

त्यांच्या विभागात एक रीत आहे. मार्गदर्शक ठरला की विद्यार्थ्यानं आपला पासवर्ड सरांना द्यायचा. का, ते कुणी विचारत नाही. ताईच्या सरांनी स्वतःच्या पुस्तकासाठी तिच्या नावानं मासिकांचे अंकच्या अंक उतरवून घेतले. डेटाबेसवाल्यांना ही चोरी वाटली आणि त्यांनी अख्ख्या कॉलेजचा प्रवेश बंद केला. ताईच्या प्रबंधाचं तेव्हा शेवटचं प्रकरण लिहून चाललं होतं.

प्राचार्यांनी बोलावून विचारलं, "पासवर्ड कुणाला दिला होता?"

"सरांना. सगळेच देतात."

"मला तरी नाही दिला," सर म्हणाले. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही मेल्याच्या.

मग प्राचार्यांनी सरांच्या दुसऱ्या विद्यार्थिनीला विचारलं. ही रोज ताईच्या शेजारी बसणारी, ताईच्या डब्यातलं खाणारी. ती खाली बघत म्हणाली, "मी तर कधीच कुणाला दिला नाही."

ताईची नोंदणी रद्द झाली. सर अजून त्याच खुर्चीत आहेत. बाबांना मी सगळं कागदावर लिहून दाखवलं. वाचून त्यांनी चष्मा काढला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

त्याच आठवड्यात त्या डबा खाणाऱ्या बाईसाहेबांचा ताईला फोन. डेटाबेस अजून बंदच आहे, प्रबंध तर द्यायचाय, ताईनं उतरवून ठेवलेले गिरणी कामगारांवरचे निबंध मिळतील का. लाज कोळून प्यालेली बाई. मी तेव्हा ताईकडेच होते; फोन हिसकावून घेतला आणि तोंडाला येईल ते बोलले. ताईनं तो परत घेतला, "पाठवते," एवढंच म्हणाली आणि ठेवून दिला.

"अगं, तिनं तुझा गळा कापलाय," मी ओरडले.

"तिचं तोंडही बघणार नाही मी आयुष्यात," ताई लॅपटॉप उघडत म्हणाली. "पण ती गिरणी कामगारांच्या फुप्फुसांवर लिहितेय. तेही कुणाचे तरी बाबाच आहेत ना."

आणि ती एकेक निबंध मेलला जोडत बसली.