सतरा नंबरचा बुडबुडा

सिमेंट कारखान्याच्या धुराड्यातला कार्बन वायू हल्ली आभाळात जात नाही. त्याला पकडून, दाबून, दोन किलोमीटर खाली खडकात कोंबतात. कोंबलेला पुन्हा वर डोकावत नाही ना, हे बघायला बुडबुडेकाका. रोज सकाळी, वायू खाली सोडायच्या विहिरीच्या तोंडावर असलेल्या नळांच्या बत्तीस सांध्यांना ते ब्रशनं साबणाचं पाणी फासतात. बुडबुडा फुगला, की गळती!

अकरा वर्षांत हात इतका बसलाय की घरचा कुकर, सायकल, नळ, काही म्हणून सुटत नाही. एकदा डुलक्या काढणाऱ्या सासऱ्यांच्या कानातल्या यंत्रालाही फासलं. म्हातारा किंचाळला, "जावईबापू, मी गळत नाहीये हो!"

आज तपासणीच्या मॅडम आल्या होत्या. त्यांची सही झाली तर विहीर पुढची पाच वर्षं चालणार. गळती निघाली तर विहिरीला टाळं आणि काका घरी.

सोळा सांधे गुण्यागोविंदानं पार पडले. सतराव्यावर टपोरा बुडबुडा!

"म्हणजे कसंय ना काका," मॅनेजरसाहेब कानाशी लागले. त्यांचं वाक्य दुसरीकडून सुरूच होत नाही. "फुंकर मारा की हळूच."

"साहेब, दहा मिनिटं बघायचं. नियम आहे."

"म्हणजे कसंय ना, नियम आपणच छापलेत!"

काका सांध्यासमोर मांडी ठोकून बसले. बुडबुडा फुगला. मॅडमनी पेनाचं टोपण काढलं. बुडबुडा बसला. परत फुगला, परत बसला.

"मॅडम, वायू असता तर फुगतच गेला असता," काका म्हणाले. "हा श्वास घेतोय."

बॅटरी मारली. सांध्याखालच्या खाचेत नखाएवढा बेडूक, नाकावर बुडबुडा घेऊन निवांत.

"काढा त्याला!" मॅनेजर ओरडले.

"तपासणी चालू असताना सांध्याला काठी, तार, बोट लावायचं नाही," मॅडम म्हणाल्या. "तो निघेपर्यंत सांधा तपासता येणार नाही. खुर्ची आणा."

खुर्ची आली. मग चहा. मॅनेजर गुडघ्यांवर बसून खाचेत बोलू लागले, "म्हणजे कसंय ना, आपण जरा सहकार्य केलंत तर..."

तीन तासांनी बेडूक कंटाळला आणि टुणकन त्यांच्या टायवर बसला. काकांनी पुन्हा पाणी फासलं. दहा मिनिटं. काही नाही. बाकीच्या पंधरांवरही बुडबुडा नाही.

मॅडमनी सही ठोकली आणि शेऱ्यात लिहिलं : "सांधा १७. गळती नाही. रहिवासी स्वखुशीने बाहेर."